रंगीत काच आणि काळी अक्षरे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षांच्या वाटचालीच्या या उत्सवात ग्रंथमहिमा गावा आणि संस्थापकांचे कृतज्ञ स्मरण करावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. माझ्या आधीच्या व्याख्यात्यांनी ते कर्तव्य उत्तम रीतीने पार पाडले आहे. मी आज बोलणार आहे ते पुस्तक आणि वाचक यांच्यामधील हातभर अंतराविषयी. पुस्तक हाती आहे, इच्छा आहे, सवडही आहे. पण वाचायला बसावे तर दहा मिनिटांत डोळे चुरचुरू लागतात, कपाळ जड होते, ओळी एकमेकींवर सरकल्यासारख्या वाटतात, अक्षरे थरथरतात आणि कागदाचा पांढरेपणा डोळ्यांवर धावून येतो. हे दुःख वाचकाचे आहे, म्हणून ते ग्रंथालयाचेही आहे. मी मराठीचा अध्यापक. नेत्रवैद्यक हा माझा प्रांत नव्हे. जाणत्यांनी लिहिलेले वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो. वैद्यकीय सल्ला नेत्रतज्ज्ञाकडूनच घ्यावा.

ग्रंथालय सोडून जाणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात, ज्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पहिला ज्येष्ठ सभासद. सभासदत्व सोडताना ‘आता वाचवत नाही’ असे कोणी लिहून देत नाही. आधी जाड कादंबरी सुटते, मग दिवाळी अंक सुटतो, मग वर्गणी थकते आणि एके दिवशी नोंदवहीतून नाव कमी होते. आपण म्हणतो, वाचनाची गोडी राहिली नाही. दुसरे म्हणजे लहान मूल. गोष्ट सांगितली तर ते डोळे विस्फारून ऐकते, प्रश्न विचारते. पण पुस्तक पुढे केले की चुळबुळ करते, डोळे चोळते, पाणी प्यायला उठते. त्याच्यासाठी आपल्याकडे एकाच अक्षराचा शिक्का तयार आहे: ‘ढ’. ज्येष्ठाची गोडी आणि मुलाची बुद्धी यांविषयी निकाल देऊन आपण मोकळे होतो. डोळ्यांची चौकशी मात्र राहून जाते.

चौकशी झालीच, तर आजकाल अशा आईवडिलांपुढे रंगीत भिंगांची गोष्ट कधी ना कधी येतेच. कोणी सांगते, निळ्या काचेतून वाचले की अक्षरे स्थिर होतात. कोणी म्हणते, पिवळ्या जिलेटिन कागदाखाली पान ठेवले की मूल भराभर वाचू लागते. यात तथ्य किती आणि भूल किती, याचा शोध घेताना एक भेद मनात पक्का धरावा लागतो. वाचताना डोळ्यांना होणारा त्रास ही एक गोष्ट आणि वाचता येणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली, की पैसा जातो आणि त्याहून मोलाचा काळही जातो.

रंगीत काचेचा मोह नवा नाही. त्याचे एक बोलके उदाहरण सतराव्या शतकातील लंडनमध्ये सापडते. सॅम्युअल पीप्स हा इंग्रज आरमाराच्या कचेरीतील अधिकारी. १ जानेवारी १६६० पासून त्याने लिहिलेली रोजनिशी इंग्रजी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. दिवसभर हिशेबाची कागदपत्रे आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात बारीक लघुलिपी, यांमुळे त्याचे डोळे दुखू लागले. डिसेंबर १६६६ मध्ये त्याने हिरव्या काचांचा चष्मा विकत घेतला. उपयोग होतो का ते पाहू, एवढीच त्याची अपेक्षा होती. पुढच्या वर्षी तो एका नामांकित चष्मेवाल्याकडे गेला. त्याने सांगितले, अक्षर मोठे दाखवणाऱ्या भिंगाइतके डोळ्यांना अपायकारक दुसरे काही नाही. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ ही आपल्या घरांतील समजूत किती जुनी आहे, ते यावरून ध्यानात यावे. १६६८ मध्ये पीप्सने कागदाच्या नळ्या डोळ्यांना लावून वाचून पाहिले आणि त्याला थोडे बरे वाटले. अखेर ३१ मे १६६९ रोजी, आपण आंधळे होणार या भीतीने, वयाच्या ३६ व्या वर्षी त्याने रोजनिशी कायमची मिटली.

तो आंधळा झाला नाही. पुढे ३४ वर्षे जगला, सुमारे ३००० ग्रंथांचा संग्रह त्याने जमवला, आणि तो संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आजही त्याच्या मांडणीनुसार जतन केलेला आहे. नंतरच्या नेत्रतज्ज्ञांनी रोजनिशीतील लक्षणांवरून अनुमान केले, की त्याला प्लसचा नंबर आणि त्याच्या जोडीला ॲस्टिग्मॅटिझम असावा. आपल्या चष्म्याच्या चिठ्ठीवर ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात, तोच हा दोष. त्याचे वर्णन टॉमस यंगने १८०१ मध्ये केले आणि त्यावरचे भिंग जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये स्वतःच्या डोळ्यासाठी घडवून घेतले. म्हणजे पीप्सला जे भिंग हवे होते, ते दीडशे वर्षे दूर होते. म्हणून तो हिरव्या काचेच्या आश्रयाला गेला. त्याला इलाज नव्हता. आज ते भिंग गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात मिळते. तरीही ते शोधण्याआधी रंगाच्या मागे लागणे म्हणजे १६६६ सालात परत जाणे होय.

नेत्रतपासणी म्हटली की आपल्यासमोर उभा राहतो तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. उट्रेख्टच्या स्नेलेनने तो १८६२ मध्ये तयार केला आणि त्याची थोरवी वादातीत आहे. परंतु तो दूरची नजर मोजतो. वाचन जवळून होते, सलग होते आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून होते. तक्त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्या मुलालाही प्लसचा नंबर असू शकतो. कारण कोवळे भिंग जोर लावून फुगते आणि दोष झाकते. तो जोर दिवसभर लावल्यावर संध्याकाळी डोके दुखते. अशा मुलाचा खरा नंबर कळण्यासाठी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ते स्नायू तेवढ्यापुरते शिथिल करावे लागतात. ‘माझ्या मुलाची नजर चांगली आहे, तक्ता वाचला त्याने’ एवढ्यावर समाधान मानू नये, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट दोन डोळ्यांच्या जुळणीची. जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे आत वळावी लागतात. ती पुरेशी वळत नसतील किंवा वळून टिकत नसतील, तर अक्षरे दुहेरी दिसतात, ओळ चुकते, एक डोळा मिटून वाचावेसे वाटते. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दवाखान्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली १२ आठवडे केलेल्या व्यायामांनी बहुसंख्य मुलांचा त्रास कमी झाला. नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा घरगुती व्यायाम लुटुपुटीच्या उपचारापेक्षा फारसा सरस ठरला नाही. २०१९ मध्ये त्याच परंपरेतील प्रयोगाने पुढचा प्रश्न विचारला: या व्यायामांनी मुले वाचनात सुधारतात का? उत्तर नकारार्थी आले. डोळ्यांना आराम मिळाला, पण त्यायोगे वाचनाचे कौशल्य लुटुपुटीच्या उपचाराहून अधिक वाढले नाही. आरंभी सांगितलेला भेद येथे स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेनेच नामकरण केलेली: चाळिशी. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्याचे भिंग ताठर होते आणि पुस्तक हातभर लांब धरावे लागते. हे कोणालाही चुकलेले नाही; तरी कित्येकजण संकोचाने वा आळसाने वर्षानुवर्षे चाळिशीवाचून राहतात. आसामच्या मळ्यांत चहाची पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता इतरांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. पाने खुडण्यात जर एवढा फरक पडतो, तर पाने वाचण्यात किती पडत असेल! याखेरीज मोतीबिंदूची सुरुवात, काचबिंदू, मधुमेहामुळे बदलणारा नंबर आणि कोरडे डोळे आहेतच. एकाग्र वाचनात पापण्या कमी लवतात, डोळा सुकतो आणि चुरचुरतो. यांतील कशावरही रंगीत काच हा उपाय नाही. उलट, ती आजार झाकून ठेवण्याचा धोका आहे.

हे सर्व तपासून झाले, नंबर योग्य आहे, डोळे निरोगी आहेत, तरीही पान डोळ्यांत खुपते, असे काही वाचक उरतात. त्यांची तक्रार खोटी मानण्याचे कारण नाही. केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स हे प्रकाशाने उद्भवणाऱ्या अपस्माराचा अभ्यास करीत होते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची विशिष्ट रुंदी काही रुग्णांत झटका आणू शकते आणि निरोगी माणसालाही अस्वस्थ करते, हे ज्ञात होते. विल्किन्स यांच्या ध्यानात आले, की छापील पान हेही एका अर्थी पट्ट्यांचेच चित्र आहे: काळी ओळ, पांढरी जागा, पुन्हा काळी ओळ. वाचायची तेवढीच ओळ उघडी ठेवून वरच्या-खालच्या ओळी झाकल्या, तर काही वाचकांना बरे वाटते. मराठी वाचकाला हे सहज पटावे, कारण आपली ओळ शिरोरेषेला सलग टांगलेली असते. दोन ओळींत पुरेशी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि पानाची जाळी होते. १८६९ मध्ये सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा सुबक, डौलदार टाइप पाहिला, म्हणजे मुद्रक हाही वाचकाच्या डोळ्यांचा रखवालदार असतो, हे जाणवते.

रंगाचा प्रवेश येथे होतो. न्यूझीलंडमधील शिक्षिका ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० मध्ये लिहिले, की काही मुलांना पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरे हलताना दिसतात आणि रंगीत पारदर्शक कागदाखाली ती स्थिरावतात. १९८३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी स्वतंत्रपणे असेच निरीक्षण मांडले, त्याला एका विकाराचे नाव दिले आणि रंगीत भिंगांची पद्धत प्रसृत केली. विल्किन्स यांनी पुढे एक यंत्र तयार केले. त्यात छापील मजकुरावर पडणाऱ्या प्रकाशाची छटा, गडदपणा आणि तेजस्विता वेगवेगळी बदलता येते आणि ज्याला जो रंग सुखावह वाटतो तो नेमका हेरता येतो. त्यांनी वाचनवेगाची एक युक्तीची चाचणीही बनवली. ओळखीचे १५ शब्द, प्रत्येक ओळीत क्रम बदललेले, अर्थाचा धागा नाही. अंदाजाने पुढे पळता येत नाही. डोळ्यांनाच काम करावे लागते. तोच उतारा रंगीत कागदासह आणि त्याविना वाचून फरक मोजायचा.

मग सिद्ध काय झाले? १९९४ मध्ये विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी मुलांना दोन चष्मे आळीपाळीने दिले. एकाचा रंग यंत्राने हेरलेला, दुसऱ्याचा जवळपासचा पण नेमका नसलेला. कोणता खरा, हे मुलांना ठाऊक नव्हते. नेमक्या रंगाच्या दिवसांत डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी नोंदला गेला. मात्र सर्व मुले शेवटपर्यंत टिकली नाहीत. १९९१ मध्ये बर्मिंगहॅम येथील एका लहान प्रयोगात अर्धशिशीने त्रस्त मुलांना विशिष्ट गुलाबी छटेची भिंगे दिली असता, झटक्यांचे प्रमाण महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले. हे झाले अनुकूल बाजूचे पुरावे, आणि ते प्रामुख्याने त्रासाविषयीचे आहेत.

प्रतिकूल बाजू अधिक भारी आहे. स्कॉटलंडमध्ये वाचनात मागे असलेल्या ६१ मुलांची तपासणी अर्लेन पद्धतीच्या प्रशिक्षित व्यक्तीने केली आणि ६१ पैकी ४७ जणांना हा विकार असल्याचे ठरवले. त्यांच्यासाठी निवडलेल्या रंगीत कागदाने वाचनाचा वेग काही वाढला नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जी चाळणी चारांतल्या तिघांना रोगी ठरवते, तिच्याविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले, की वाचनअक्षमतेवर रंगीत भिंगे वा डोळ्यांचे व्यायाम यांची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही. २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे दोन आढावे निघाले. एकाने पुरावा सदोष आणि अपुरा ठरवला, दुसऱ्याने काही जणांच्या त्रासापुरते अनुकूल मत दिले. नव्या वस्तूचे कौतुक, आईवडिलांची आशा आणि मुलाकडे मिळालेले लक्ष, यांनीही चार दिवस वाचन सुधारते. ते श्रेय काचेचे नसते. ‘कॉम्प्युटरचा चष्मा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, निळा प्रकाश रोखणाऱ्या काचांविषयीही असेच आहे. १७ प्रयोगांचा २०२३ मध्ये निघालेला आढावा सांगतो, की पडद्यासमोरच्या डोळ्यांच्या शिणावर या काचांचा, निदान अल्पावधीत, साध्या काचांहून अधिक उपयोग दिसत नाही.

आता वाचनअक्षमतेविषयी, म्हणजे ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याविषयी. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने हा शब्द घरोघरी पोचवला, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु त्यातील इशानला अक्षरे नाचताना दिसतात, त्यावरून हा डोळ्यांचा विकार आहे, अशीही समजूत पसरली. इतिहास वेगळे सांगतो. या विकाराला नाव देणारे जर्मनीतील रुडोल्फ बर्लिन आणि त्यावर ग्रंथ लिहिणारे ग्लासगोचे जेम्स हिन्शलवूड हे दोघेही डोळ्यांचेच डॉक्टर होते. आणि दोष डोळ्यांत नसून मेंदूच्या कार्यात आहे, हेच त्यांनी ठासून सांगितले. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी एका १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. नजर चांगली, बुद्धी तल्लख, आकडेमोड येते, पण शब्द वाचता येत नाहीत. शिकवणे केवळ तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. अशा मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड सावकाश, क्रमाने, पुन्हा पुन्हा घालून द्यावी लागते. हे काम शिक्षकाचे आहे, काचेचे नाही. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. अशा मुलाची दोन वर्षे रंगाच्या शोधात गेली, तर ती शिकवण्यातली दोन वर्षे गेली.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी संपूर्ण नेत्रतपासणी: दूरची, जवळची, दोन्ही डोळ्यांच्या जुळणीची आणि मुलांची थेंब घालून. आपल्या हैदराबादकरांना त्यासाठी दूर जायला नको. १९८७ पासून कार्यरत असलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था याच शहरात आहे. नंतर उजेड आणि टाइप. मग मुलाला वाचता येण्यातच अडचण असेल, तर शिक्षणतज्ज्ञाकडून चाचणी आणि योग्य शिकवणी. त्यासाठी रंगाच्या निकालाची वाट पाहू नये. एवढे करूनही त्रास उरला, तर रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवून पाहायला हरकत नाही. तो स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे. काही आठवड्यांनी मूल न सांगता तो आपणहून उचलत असेल, तर पुढचा विचार करावा. कोपऱ्यात पडला असेल, तर उत्तर मिळाले. महाग भिंगे अगदी शेवटी, आणि तीही नेत्रतज्ज्ञाच्या संमतीने. घरात दिवसभर काळा चष्मा लावणे मात्र टाळावे. अंधाराला सरावलेला डोळा उजेडाला अधिकच बुजतो.

शेवटी आपल्या संस्थेविषयी. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका कार्यालयातील प्रयोगात आढळले, की जुन्या चोकच्या ट्यूबलाइटऐवजी उच्च वारंवारतेच्या चोकचे दिवे लावले, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ते लुकलुकणे दिसत नाही, पण काहींना जाणवते. वयोमानाप्रमाणे डोळ्यांत शिरणारा उजेडही घटतो. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. तेव्हा कार्यकारी मंडळाला माझी नम्र सूचना आहे. वाचनकक्षातील जुने चोक काढावेत, प्रत्येक मेजावर डाव्या बाजूने येणारा स्वतंत्र दिवा असावा, पुस्तक टेकवायला घोडी ठेवावी, मोठ्या टाइपाच्या पुस्तकांची वेगळी यादी लावावी, एका ओळीपुरती खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी काउंटरवर मागेल त्याला मिळावी आणि वर्षातून एकदा सभासद व बालविभागातील मुले यांच्यासाठी नेत्रतपासणीचे शिबिर भरवावे. यांतील एकही गोष्ट आपल्या आश्रयदात्यांच्या औदार्यापलीकडची नाही.

आणखी एक विनंती ग्रंथपालांना. वर्गणी थकलेल्या सभासदास स्मरणपत्र पाठवताना त्यात एक ओळ वाढवावी: ‘वाचताना डोळ्यांना काही त्रास होतो काय?’ परपेठेत राहून, घराबाहेरच्या तीन-चार भाषांच्या गजबजाटात ज्यांनी आपली वाचनाची भाषा शंभर वर्षे जपली, त्या मंडळींतला एकही वाचक केवळ चाळिशीच्या नंबरापायी गळू नये, आणि एकही मूल तपासणीवाचून ‘ढ’ ठरू नये, एवढीच माझी इच्छा आहे.